स्वरांचे गाव, मुके पुतळे

आपल्याकडे कोणी मोठा माणूस गेला की आधी शोकसभा होते, मग समिती होते आणि समिती झाली की पुतळा ठरलेलाच. पुतळा पुढाऱ्याचा असेल तर फारसे बिघडत नाही. हात उंचावलेला, बोट पुढे केलेले. त्याने हयातभर जे केले तेच तो चौकात उभा राहून करीत असतो. गवयाचा पुतळा मात्र पाहवत नाही. खांद्याला तानपुरा, डोळे मिटलेले, एक हात हवेत, तोंड किंचित उघडे आणि आवाज नाही! शिल्पकाराने पगडीचा पीळ हुबेहूब उतरवलेला असतो, कोटाची बटणेसुद्धा मोजून घ्यावीत. ज्या एका गोष्टीसाठी लोकांनी ह्या माणसावर जीव टाकला, तेवढी मात्र वगळलेली असते.

कवीची गत ह्याहून वेगळी नाही. त्याच्या हातात वही किंवा कागद देण्याची पद्धत आहे. त्या वहीत काय लिहिले आहे हे चौकातल्या माणसाला कधीच समजत नाही. खालच्या कोनशिलेवर अनावरण करणाऱ्या मंत्र्यांचे नाव असते. महापौर, उपमहापौर, आयुक्त, सभापती यांची नावे असतात. कवितेची ओळ नसते. पुढे जयंतीला हार, पुण्यतिथीला हार आणि मधल्या तीनशे त्रेसष्ट दिवसांत कावळे, असा त्या स्मारकाचा संसार चालतो.

ज्यांनी कानासाठी आयुष्य वेचले त्यांचे स्मारक डोळ्यांसाठीच का, असा साधा प्रश्न आपण विचारायला हवा. गावातल्या कवींचा, गायकांचा, वादकांचा आवाज गावातल्या रस्त्यावर, बागेत, स्टेशनवर, येणाऱ्याजाणाऱ्याला सहज ऐकता येईल अशी सोय करणे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. जगातल्या काही शहरांनी ती केली आहे. आपल्याकडे तिची सर्वांत जास्त गरज आणि सर्वांत मोठा हक्क कोणत्या गावाचा, असे कोणी विचारले तर मी विचार न करता मिरजेचे नाव घेईन.

मिरज जंक्शनवर उतरून गावात जाणाऱ्या माणसाला पहिल्यांदा दिसतात त्या दवाखान्यांच्या पाट्या. त्यात नवल नाही. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे मिशन हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला रोगी मिरजेची वाट धरीत आला आहे. हे गाव माणसाला बरे करते, एवढे नवख्याला पाट्या वाचून कळते. ह्याच गावाने साऱ्या देशाच्या कानांना वळण लावले, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

जरा आठवून पाहा. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत विद्या देत होते. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यावर मिरजेला आला आणि बुवांपाशी गाणे शिकला. तो पुढे विष्णू दिगंबर पलुसकर झाला. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढून त्याने गाण्याला घराण्याच्या आणि दरबाराच्या बाहेर आणले, आणि १९३१ साली त्याने अखेरचा श्वास घेतला तो पुन्हा मिरजेतच. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा कानाच्या उपचारासाठी शाहू महाराजांनी मिरजेला पाठवला होता, असे सांगतात. १९०५ साली मिरजेच्या रंगमंचावर तो शकुंतला होऊन उभा राहिला आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले. त्याच १९०५ साली हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या. त्यांचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या किराण्याचे. पण गावोगाव फिरून अखेर ते मिरजेत स्थिरावले आणि मिरजेचेच झाले.

ह्या सर्वांच्या मांडीवर आणि खांद्यावर जी वाद्ये होती, त्यांतली कित्येक ह्याच गावच्या एका गल्लीत घडलेली. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतारीकडे वळले. लढाया संपल्या होत्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नव्हते. फरीदसाहेबांपासून सुरू झालेली ही कला पिढ्यान् पिढ्या सतारमेकर मंडळींनी सांभाळली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा, तुणीचे लाकूड, खुंट्या, घोडी आणि शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसेने घासत, तार छेडत, पुन्हा घासत कारागीर जवारी लावतो, तेव्हा त्याचे मोजमापाचे साधन एकच असते: त्याचा कान. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कागद मिळाला, फार चांगले झाले. पण ज्या तानपुऱ्याला मानांकन मिळाले तो कसा वाजतो, हे मिरजेच्या बाजारातून हिंडणाऱ्या माणसाला कुठे ऐकायला मिळते?

मिळते, पण वर्षातून एकदाच. ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. ते वाटेतल्या सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर उतरले आणि ईश्वराची आळवणी करीत तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. उरुसाला देशभरचे गायक-वादक तेथे येतात, बिदागीचा प्रश्न न काढता हजेरी लावतात, आणि अंगणात बसलेला श्रोता तिकीट न काढता रात्रभर ऐकतो. त्यात हमाल असतो, प्राध्यापक असतो, परगावाहून नवस फेडायला आलेली बाई असते. महाराष्ट्रात गवयाचे खरेखुरे स्मारक म्हणावे असे जे थोडे काही आहे त्यात ह्या सभेची गणना पहिल्यांदा करायला हवी. तिला ना चौथरा लागला, ना कोनशिला.

प्रश्न उरतो तो वर्षाच्या बाकीच्या दिवसांचा.

रस्त्यावर गाणे ऐकण्याची गोष्ट नवी नाही. आमच्या लहानपणी गावच्या नगरपालिकेच्या बागेत एक रेडिओ होता. तो एका कुलूपबंद खोलीत असे आणि त्याचा कर्णा बाहेर चिंचेच्या फांदीला बांधलेला असे. संध्याकाळी शिपाई येऊन कुलूप काढी, खटका दाबी, आणि थोड्या खरखरीनंतर बातम्या, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, भावगीते, कधी अर्धा तास ख्याल असा सगळा ऐवज झाडावरून खाली उतरे. ख्याल लागला की काही मंडळी उठून जात. पण बाकावरून उठण्याचा कंटाळा आलेली काही बसून राहत. त्या कंटाळ्यातून गावाला दोन-चार चांगले श्रोते मिळाले. मी त्यांच्यापैकी एक. घरी रेडिओ नव्हता आणि घरात कोणी गाणारे नव्हते. मारवा हा शब्द कळण्याच्या कितीतरी आधी मारव्याने येणारी हुरहूर मला त्या बाकावर कळली होती.

अशी सोय करणारी आमची नगरपालिका काही एकटी नव्हती. मद्रास महापालिकेने १९३० साली स्वतःचे नभोवाणी केंद्र सुरू केले आणि बागांतून, समुद्रकिनाऱ्यावर कर्णे लावून लोकांना गाणे ऐकवले. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांच्या बरोबरीने गाणे हीसुद्धा नगरपित्यांनी पुरवायची गोष्ट आहे, असे त्यांना वाटले, हे आज मुद्दाम सांगावेसे वाटते. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. ५६ गीतांचा तो सोहळा वर्षभर चालला. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर गल्ली जमे. ते शब्द लिहिणारे ग. दि. माडगूळकर सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्यात जन्मले. आणि लहानगा भीमसेन जोशी गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडला, त्यामागे होती बाजारातल्या दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी, झिंझोटीतली ठुमरी. हे भीमसेनजी स्वतः सांगत असत. त्या दुकानदाराचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याने गिऱ्हाईक जमावे म्हणून तबकडी लावली असेल. रस्त्यावरून जाणाऱ्या एका मुलाच्या कानावर ती पडली आणि पुढची सत्तर वर्षे हिंदुस्थानच्या गाण्याला पुरली.

आता गाणे रस्त्यावरून निघून खिशात गेले आहे. ज्याला जे हवे ते तो दोन्ही कानांत बोंडे घालून ऐकतो. सोय मोठी झाली, यात वाद नाही. जगातले कोणतेही ध्वनिमुद्रण आज घरबसल्या मिळते, त्यात खाँसाहेबही आले. पण मिळते ते मागणाऱ्याला. ज्याला नावच ठाऊक नाही तो मागणार काय? बागेतल्या रेडिओने, दुकानातल्या तबकडीने जे केले ते असे की न मागणाऱ्याच्या कानावर काहीतरी पडू दिले. पोटापाण्याच्या गडबडीत निघालेला माणूस क्षणभर थबकला, एवढेच. बहुतेक जण पुढे निघून गेले. एखादा गेला नाही.

हे थबकणे पुन्हा घडवून आणण्याची युक्ती प्रागमध्ये एका माणसाने काढली. २०१५ साली त्या शहरातल्या एका चौकात पोलादी नळीसारखे एक यंत्र उभे राहिले. जहाजाच्या डेकवर हवेसाठी वाकडे तोंड असलेले नळ असतात, तसा त्याचा आकार. अंगावर २० निवडी. एक निवडली की नळाच्या तोंडातून एक कविता ऐकू येते, शक्य असेल तेथे खुद्द कवीच्या आवाजात. कविता संपली की यंत्र गप्प. पुढे झेक देशात अशी यंत्रे गावोगाव उभी राहिली. जेथे वीज नाही तेथे हाताने दांडा फिरवून ऐकायची सोय केली. २०१७ साली ती कल्पना बेलफास्टला गेली. ज्या शहरात कित्येक वर्षे रस्त्यावरच्या आवाजाचा अर्थ बाँब आणि गोळीबार असा होता, तेथल्या एका कलाकेंद्राबाहेर कवितेचे यंत्र उभे राहिले. कोपनहेगनमध्ये २०१३ पासून आणि लंडनमध्ये २०१४ पासून काही पुतळ्यांजवळ फोन धरला की पुतळ्याच्या तोंडचे बोल ऐकू येतात. आपल्या देशातही बंगळूरच्या संगीत संग्रहालयात, जे २०१९ साली खुले झाले, अंगणात नादाची बाग आहे आणि तेथे मुले दगड, लाकूड, धातू वाजवून पाहतात.

ह्यातले काहीही जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणत नाही. प्रागचा नळ मिरजेच्या लक्ष्मी मार्केटसमोर परका दिसेल. मिरजेला नळ कशाला, तिच्या घरी भोपळा आहे! सतारमेकरांनीच घडवलेला, पाऊसपाणी सोसेल असा मोठा भोपळा, त्याच्या तोंडाशी कान नेला की खाँसाहेबांची तीन मिनिटे. जुन्या लाखेच्या तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच असे. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत मांडण्याची सक्ती तेव्हाच्या गवयांना जाचक वाटली असेल. रस्त्यावर उभ्या माणसाच्या सवडीला मात्र ती नेमकी बसते.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. आपल्या गावांत आवाज काय कमी आहे? मांडव, मिरवणुका, वाढदिवस, प्रचाराच्या रिक्षा, भिंती हादरवणारे डीजे. माणूस शांततेला पारखा झाला आहे, आणि तुम्ही त्यात आणखी एक कर्णा लावायला निघालात? शिवाय मिरज रोग्यांचे गाव. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचे किमान शंभर मीटर हे शांतता क्षेत्र आहे, तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. हा हिशेब धरला तर जुन्या मिरजेत कर्णा लावायला जागाच सापडायची नाही.

मला वाटते, मिरजेचे भाग्य ह्या अडचणीतच आहे. कारण मला अभिप्रेत असलेली गोष्ट कर्ण्याच्या नेमकी उलट आहे. कर्णा तुमच्या घरात घुसतो, तुम्ही खिडकी लावली तरी घुसतो. भोपळा तुमची वाट पाहतो. बटण दाबल्याशिवाय तो बोलणार नाही. बोलला तरी हातभर अंतराबाहेर त्याचा आवाज जाणार नाही, कारण तो वाढवण्याची कळच त्यावर नसेल. ऐकायचे तर जवळ जावे लागेल, थोडे वाकावे लागेल, आणि बरोबरच्या माणसाला ‘जरा गप्प बस’ म्हणावे लागेल. ज्या गावात मोठा आवाज हीच ताकद मानली जाते तेथे हळू बोलणारे सरकारी यंत्र ही एक लहानशी शिकवणी ठरेल. आणि दवाखान्याच्या बाकावर रिपोर्टची वाट पाहत बसलेल्या माणसाहून ह्या तीन मिनिटांची जास्त गरज कोणाला आहे? भूपाळी ऐकून रोग बरे होतात असल्या भाकडकथा मी सांगणार नाही. पण वाट पाहणे सुसह्य होते, एवढे ज्याने ती वाट पाहिली आहे त्याला विचारावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: आवाज कोणाकोणाचा? समिती नेमली की नामवंतांची यादी होईल, आणि यादी म्हटली की आमचे बुवा आधी की तुमचे खाँसाहेब, अशी रस्सीखेच सुरू होईल. यादी नामवंतांपाशीच थांबली तर मात्र हे काम न केलेले बरे. गावाचा आवाज घराण्यांच्या गाण्याने पुरा होत नाही. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केले, त्या सांगलीचा जिल्हा हा शाहिरांचा आणि तमाशाचा मुलूख आहे. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. लग्नात सनई वाजवणारे, उरुसात कव्वाली म्हणणारे, बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारे, मोहरमला सवारीपुढे ताशा कडाडवणारे हे सगळे मिरजेच्या आवाजाचे मानकरी आहेत. मिरज मराठीत बोलते, उर्दूत बोलते, कन्नडमध्येही बोलते. भोपळ्यातून तिन्ही भाषा आल्या नाहीत तर ती मिरज नव्हे.

आणि बायांचा आवाज? तो तर कोणत्याही कोनशिलेवर नाही. जात्यावर बसून बाया जे गात आल्या, त्याची दखल घ्यायला गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांच्यासारखी माणसे खेडोपाडी फिरली, तेव्हा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित आहेत आणि २०१७ पासून त्या लोकांसमोर येत आहेत. जे एका प्रकल्पाने महाराष्ट्रासाठी केले ते एका गावाने आपल्यापुरते का करू नये? मिरजेत वेणाबाईंचा मठ आहे. सतराव्या शतकातली ही बालविधवा. समर्थांनी तिला उभे राहून कीर्तन करण्याचा अधिकार दिला. भाव्यांच्या नाटकाच्या कितीतरी आधी तिने आपले सीतास्वयंवर ओवीत रचले. तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. पण मिरजेच्या कन्याशाळेतली एखादी मुलगी तिच्या ओव्या नीट म्हणू शकेल, आणि मठापाशी उभे राहून त्या ऐकता येतील.

ज्यांचे ध्वनिमुद्रणच नाही अशा थोरांचे काय करावे? बाळकृष्णबुवा १९२६ साली गेले. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. कोल्हापूरचे अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, तरी त्यांचा आवाज तबकडीवर उतरला नाही. अशांसाठी शिष्याच्या शिष्याचा आवाज ठेवता येईल. एखाद्या ठिकाणी नुसता तानपुरा वाजू द्यावा आणि खाली लिहावे: ह्यापुढचे गाणे हरवले आहे. त्या एका ओळीने हरवण्याचा अर्थ जेवढा समजेल तेवढा दहा व्याख्यानांनी समजणार नाही.

कारण खरा धोका तेथेच आहे. हरवणे थांबलेले नाही. खाँसाहेबांच्या तबकड्या जगभरच्या संग्राहकांनी जपल्या, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती नंतरच्या पन्नास-साठ वर्षांची. १९६० नंतर स्पूल टेप आली, मग कॅसेट आली, आणि गावोगावच्या रसिकांनी मैफली, कविसंमेलने, कीर्तने, शाहिरांचे फड सढळ हाताने ध्वनिमुद्रित केले. हा ठेवा आकाशवाणीत कमी आणि लोकांच्या कपाटांत जास्त आहे. टेपला बुरशी लागते, तिच्यावरचा थर सुटू लागतो, आणि ती वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात शोधून सापडत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी चाळीस वर्षांच्या मैफली दोन ट्रंकांत भरून ठेवल्या होत्या. प्रत्येक डबीवर तारीख, राग, साथीदारांची नावे, मोत्यासारख्या अक्षरांत. ते गेले, घर बिल्डरकडे गेले, ट्रंका रद्दीवाल्याकडे गेल्या. रद्दीवाल्याने ट्रंकांचे पैसे दिले. आतल्या मालाचे दिले नाहीत, कारण त्याला बाजारभाव नव्हता. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ते टेप्स कोणाला द्यायचे, हे त्यांना सांगायला गावात एकही दार नव्हते.

म्हणून भोपळा हे निमित्त आहे. भोपळ्यात घालायला आवाज हवेत, म्हणजे ते गोळा करावे लागतील, गोळा करायचे म्हणजे ट्रंका उघडाव्या लागतील, टेपवरून ते नव्या साधनांवर उतरवावे लागतील, कोण गातो आहे, साथीला कोण आहे हे ओळखणारी सत्तर-ऐंशीच्या घरातली माणसे शोधून त्यांच्यासमोर बसावे लागेल. रस्त्यावर दिसतील ती पाच-दहा यंत्रे, पण त्यांच्यामागे गावाचे एक ध्वनिभांडार उभे राहील. नुसते भांडार उभारा म्हटले तर आपल्याकडे कोणी उठत नाही. उद्घाटनाला फीत कापता येईल असे काही पुढे दिसले तर उठतात. असेना का! त्या फितीच्या मोहाने ट्रंका वाचत असतील तर माझी हरकत नाही.

कायद्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांनी संपतो. खाँसाहेबांच्या तबकड्या केव्हाच सर्वांच्या झाल्या आहेत. कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, माडगूळकर १९७७ साली. तेथे वारसांची रीतसर परवानगी घ्यावी, आणि मोबदलाही द्यावा. गावाच्या सुशोभीकरणात सिमेंटवाल्याचे बिल आपण चुकते करतो. कवीच्या घरी मात्र ‘समाजकार्य आहे’ म्हणून हात जोडतो, ही रीत आता सोडावी. आजच्या कवींना, आजच्या वादकांनाही बोलवावे, पैसे देऊन त्यांचे ध्वनिमुद्रण करावे. दर वर्षी निम्मे आवाज बदलावेत. नाहीतर यंत्राचाही पुतळा व्हायचा.

खर्चाचे म्हणाल तर चौकाचौकांत उभ्या राहणाऱ्या कमानींवर जे उधळले जाते त्याच्या अंशातही हे होईल. भीती पैशांची नाही, दुसऱ्या पावसाळ्याची आहे. आपली कारंजी पहिल्या वर्षी उडतात आणि नंतर त्यांत डास होतात. सांगली-मिरज-कुपवाड अशी तिन्ही गावे मिळून १९९८ साली महापालिका झाली. तिने यंत्र बसवून देण्यापेक्षा ते चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून घ्यावे. माझी सूचना विचाराल तर प्रत्येक भोपळा एकेका शाळेला दत्तक द्यावा. बंद पडला की मुले ओरडतील. वीज गेली तर प्रागसारखा दांडा फिरवतील. मुलांना तेवढेच हवे असते.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहावी लागते. ज्या मिरजेच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो, जेथे हिंदू गवई मुसलमान गवयाच्या कबरीपाशी बसून गातो, त्या मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली. एवढे गाणे ऐकलेल्या गावातही हे घडले. गाण्याने दंगली थांबतात असा भाबडा दावा कोणी करू नये. पण ज्या गावाला आपल्या सर्वांचे म्हणून काय आहे हे रोज ऐकू येत नाही, त्याला आपले आणि त्यांचे एवढेच ऐकू येऊ लागते. वर्षातून एका रात्री एकत्र बसणे मोलाचे आहे. बाकीच्या दिवसांसाठीही काहीतरी हवे.

सतारमेकर गल्लीतून जाताना आजही एखाद्या दुकानातून एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज येतो. कारागीर जवारी लावीत असतो. रस्त्यावरून मोटारसायकली जातात, भाजीवाला ओरडतो, शेजारच्या दुकानात कसलेसे गाणे लावलेले असते. ह्या सगळ्यातून तो आपल्या तारेचा स्वर तेवढा ऐकतो, कानस फिरवतो, पुन्हा ऐकतो. तार खुलली की मान हलवतो आणि दुसरी धरतो. गेली पावणेदोनशे वर्षे हे गाव असेच गोंगाटात बसून ऐकत आले आहे. स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्यालाही त्यातले थोडे ऐकू द्यावे, एवढीच मागणी आहे. त्यासाठी पहिले काम सोपे आहे: महापालिकेने एक खोली द्यावी, तिच्या दारावर पाटी लावावी, की ज्यांच्या घरी जुन्या टेप्स असतील त्यांनी त्या येथे आणून द्याव्यात. ही पाटी लावायला उद्घाटनाची वाट पाहण्याचे कारण नाही.